पंप उचलण्याआधी भुंगा ओळखा



मृगाचा पाऊस चांगला झाला की महिना-दीड महिन्यात धुऱ्यावर, पांदणीला, गावठाणात काँग्रेस गवत कमरेइतके उभे राहते. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी पांढरी फुली. जुलैच्या शेवटापासून या गवतावर एक भुंगा दिसू लागतो. अंग पांढुरके, पाठीवर तपकिरी रेघा. गवत खाऊन संपले की त्यातले चार-दोन भुंगे शेजारच्या तासातल्या कपाशीवर किंवा तुरीवर येऊन बसतात. शेतकऱ्याचा जीव कपाशीत अडकलेला असतो. नवा किडा दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. तो तालुक्याला जातो, दुकानदार काही न विचारता बाटली काढून देतो आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यासकट सगळ्या शेतावर पंप फिरतो.

या फवारणीने कपाशीला एक बोंडही जास्त लागत नाही. बाटलीचे पैसे जातात, मजुरी जाते, आणि काँग्रेस गवत खाण्याचे काम मजुरी न मागता करणारा एक प्राणी मरतो. ज्याला औषध घालायचे त्याला आधी नीट पाहा, एवढेच आमचे म्हणणे आहे. पाहायला पैसे पडत नाहीत. न पाहण्याचे काय पडतात, ते कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको.

हा भुंगा आला कोठून

हा भुंगा मूळचा मेक्सिकोचा. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलोराटा. शेतीखात्याच्या कागदात त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे जे मोठे कूळ आहे त्यातलाच हा. वेलवर्गीय भाज्यांवरचे तांबडे भुंगेरे आणि द्राक्षावरचे उडद्या हे त्याचे भाऊबंद. कुळाचे नाव ऐकूनच शेतकऱ्याने दचकावे, असे हे कूळ आहे खरे. पण या कुळातल्या बहुतेकांची खोड अशी की एक ठरावीक झाड किंवा त्या झाडाची जवळची भावकी सोडून ते दुसरीकडे फारसे तोंड लावत नाहीत. ही खोड ओळखूनच शास्त्रज्ञांनी याला आणले.

१९८३ साली तो मेक्सिकोहून बंगलोरच्या बागायती संशोधन संस्थेत आणला गेला. तेथे त्याला पिके, भाजीपाला, फुलझाडे अशा चाळीस जातींच्या वनस्पती खायला देऊन पाहिल्या. तो दुसऱ्या कशावर जगत नाही अशी खात्री करून १९८४ साली बंगलोरच्या आसपास सोडला. त्याआधी १९८० साली ऑस्ट्रेलियाने तो क्वीन्सलँडमध्ये सोडला होता, कारण तिथल्या गुरांच्या चराऊ रानांना याच गवताने वेढले होते. बंगलोरला पहिली काही वर्षे त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मग तो वाढला, आणि रस्त्याकडेची गवताची रानेच्या राने पावसाळ्यात नुसत्या काड्या होऊन उभी राहू लागली. गवत हटले तिथे दुसरे गवत, दुसरी झुडपे परत आली. पुढे कर्नाटकातून आपल्याकडे, आंध्रात आणि मग उत्तरेकडेही, काही माणसांनी नेऊन आणि काही स्वतः उडून, तो पसरत गेला.

गवताची स्वतःची कुळकथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखालचा गहू आला, त्यात याचे बी आले, आणि राज्य ज्यांचे होते त्यांचे नाव गवताला पडले. तारखा मात्र जरा ताडून पाहाव्यात. पी. एल. ४८०चा भारताशी पहिला मोठा करार १९५६च्या ऑगस्टमधला, आणि पुण्यात हे गवत सापडल्याची शास्त्रीय नोंद छापली गेली तीही १९५६चीच. म्हणजे गवत करारापूर्वीच उगवलेले होते. अमेरिकेचा गहू त्याच्या आधीही येत होता, तेव्हा जहाज नेमके कोणते याची पावती काही मिळायची नाही. त्या गव्हाने आपल्या धान्याचे भाव पाडले, ही गोष्ट मात्र पावतीशिवायही सिद्ध आहे.

ओळख

आता अंगखुणा पाहू. हा भुंगा लांबीला पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. पाठ फुगीर. डोके आणि मानेचा भाग तपकिरी. पंखांची ढाल मळकट पांढरी ते फिकट पिवळी, आणि तिच्यावर गडद तपकिरी, वाकड्यातिकड्या, उभ्या रेघा. ठिपके नव्हेत, रेघा. हे ध्यानात ठेवा. मिशा दोऱ्यासारख्या, सहज दिसतील एवढ्या लांब.

घोटाळा सर्वांत जास्त होतो तो ढालकिड्याशी. ढालकिडा म्हणजे आपल्या ज्वारीवरचा, कपाशीवरचा मावा खाणारा मित्रकिडा. तो लाल, ठिपक्यांचा असला तर कोणीही ओळखील. पण आपल्या भागात सर्वांत जास्त दिसणारा जो ढालकिडा आहे त्याच्या पिवळट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात, आणि तिथे चांगल्या चांगल्यांची फसगत होते. फरक असा. ढालकिड्याच्या मिशा अगदी आखूड, टोकाला गाठ असलेल्या. तो चपळ असतो आणि माव्याच्या आसपास घोटाळतो. त्याची अळी काळसर, निमुळती, लांब पायांची, पानावर भराभर धावणारी. मेक्सिकन भुंग्याची अळी उलट: जाडसर, पाठीला कुबड, अंग पिवळट आणि मोठी झाल्यावर पांढुरके, चाल सुस्त. अळी पाहिलीत तर चुकण्याला जागाच राहत नाही, म्हणून आमचा सल्ला असा की भुंगा पाहून निवाडा करू नका, पाने उलटी करून अळी शोधा. आणि समजा, दोघांत ओळख पटली नाहीच, तरी बिघडत नाही. दोघेही तुमच्या बाजूचे आहेत.

जे तुमच्या बाजूचे नाहीत ते वेगळे दिसतात. कपाशीच्या पानांच्या कडा कुरतडणारा करडा सोंड्या राखाडी रंगाचा, पुढे सोंड आलेला. फुले खाणारे हिंगे लांबट, काळे, त्यावर नारिंगी-पिवळे आडवे पट्टे. चिरडले तर कातडीवर फोड येतो. पहिल्या पावसाबरोबर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर झुंडीने येणारे तपकिरी भुंगेरे हे हुमणीचे आईबाप. त्यांना दिव्याच्या सापळ्यात धरून रॉकेलच्या पाण्यात टाका, आमची काही हरकत नाही.

ज्याला तरीही शंका असेल त्याने एक साधा प्रयोग करावा. प्लॅस्टिकच्या बरणीच्या झाकणाला भोके पाडा. आत एका बाजूला कपाशीचे कोवळे पान, दुसऱ्या बाजूला काँग्रेस गवताचा शेंडा ठेवा आणि पाच-सहा भुंगे सोडून दोन दिवस सावलीत ठेवा. पाने सुकली की बदला. गवताला हात लावताना हातमोजा किंवा पिशवी वापरा. दोन दिवसांनी कोणते पान खाल्ले आहे ते तुमचे तुम्हीच पाहाल. शास्त्रज्ञांनी बंगलोरला केले ते मुळात हेच, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि हिशेब ठेवून. शेतकऱ्याने ते आपल्या ओसरीवर करायला कोणाच्या लायसनची गरज नाही.

सूर्यफुलाचा खटला

या भुंग्यावर एकदा मोठे बालंट आले होते आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण लातूर-धाराशिव-सोलापूरकडच्या जुन्या सूर्यफूलवाल्यांना ते आठवत असेल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात काही ठिकाणी हा भुंगा सूर्यफुलाची पाने खाताना दिसला. सूर्यफूल आणि काँग्रेस गवत एकाच कुळातले, तेव्हा धास्ती बरोबरच होती. गवत मारायला आणलेला पाहुणा तेलबियांवर बसला तर शेतकऱ्याने कोणाकडे पाहायचे? ओरड झाली, केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली, भुंगे सोडणे थांबवले गेले.

चौकशीत आणि प्रयोगांत जे निघाले ते ऐकण्यासारखे आहे. भुंगा सूर्यफुलाकडे ओढला जात होता तो सूर्यफुलासाठी नव्हे. शेताला लागून काँग्रेस गवत माजलेले होते, त्याचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसत होते, आणि त्या परागाच्या ओढीने भुंगा ते पान चावत होता. पराग नसलेल्या पानावर तो रमत नव्हता. सूर्यफुलावर अंडी घालून, अळ्या वाढवून, पिढी पुढे चालवून तेथे ठाण मांडणे शेतात त्याला साधत नव्हते. मग भुंगे सोडण्यावरची बंदी उठली.

समितीच्या कागदावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवा असे म्हणणार नाही. सरकारी समित्यांनी शेतकऱ्याला पुरते शिकवले आहे. पण आज या भुंग्याला आपल्या देशात चाळीस वर्षे होऊन गेली. तो पिकावर उतरणार असता तर एवढ्या पावसाळ्यांत उतरला असता. कपाशी, ज्वारी, तूर, सोयाबीन यांच्यावर त्याचा संसार आजवर बसलेला नाही. गवताशिवाय त्याचे थोडेफार खाणे आढळले आहे ते अंगाला चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या गोखरूवर, म्हणजे घागऱ्यावर. त्याचे दुःख कोणी करू नये.

उलट त्याच परागाचा दुसरा प्रताप पाहा. १९९७ नंतर कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्रात सूर्यफुलावर नेक्रोसिस नावाचा रोग आला. शेंडा करपतो, फूल वाकडे होते, दाणा भरत नाही. हा रोग एका विषाणूचा. काँग्रेस गवताच्या अंगात तो कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. त्याच्या परागाबरोबर तो पिकाच्या पानावर पडतो, आणि फुलकिडे त्या पानाला ओरखडतात तेव्हा आत शिरतो. २००० साली आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात याच विषाणूने भुईमुगाचे खोड करपवले. सुमारे सव्वादोन लाख हेक्टरांवरचे पीक सापडले आणि नुकसान तीनशे कोटींच्या घरात गेले. अनंतपूर म्हणजे आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून कोरडा, पावसावर बसलेला जिल्हा. आंध्रात कपाशीवरही तो विषाणू सापडलेला आहे. म्हणजे सूर्यफुलाच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात भुंगा उभा होता, आणि खरा आरोपी धुऱ्यावर डोलत होता.

कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचीही तीच कथा. २००५ नंतरच्या काही हंगामांत त्याने कपाशीवाल्यांची झोप उडवली होती. कपाशी निघाल्यावर तो जगतो कुठे? ज्या तणांवर जगतो त्यांत हे गवत आहेच.

त्याचा मुक्काम

हा भुंगा जेथे राहतो तेथली परिस्थिती समजली नाही तर त्याच्याकडून नको त्या अपेक्षा केल्या जातात. वर्षातले जवळजवळ सहा महिने तो मातीत असतो. थंडी सुरू झाली, गवत वाळायला लागले, की मोठे भुंगे काही बोटे खोल मातीत शिरतात आणि तेथे झोपून राहतात. हिवाळा, उन्हाळा तेथेच. जूनचा पाऊस मातीत मुरला की वर येतात. अंडी पानांच्या खालच्या बाजूला आणि शेंड्यांवर घालतात. चार ते सात दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ती कोवळ्या कळ्यांत घुसते, आणि खरा फायदा तिथेच असतो, कारण कळी गेली की बी गेले. मोठी झाली की पानांवर येते, दहा-पंधरा दिवसांत वाढ पुरी करून मातीत कोष करते. आठ-बारा दिवसांनी नवा भुंगा. महिन्याला एक पिढी धरा. पावसाळ्यात तीन-चार पिढ्या होतात, त्यातही जोर ऑगस्ट-सप्टेंबरचा.

यात मेख आहे. काँग्रेस गवत उगवल्यापासून चार-पाच आठवड्यांत फुलावर येते, आणि एक झाड दहा-पंधरा हजार, कधी त्याहून जास्त बी टाकते. जूनच्या पावसावरचे पहिले गवत फुलते तेव्हा भुंगा नुकता डोळे चोळत उठलेला असतो. जुलैत पावसाने पंधरा-वीस दिवस ताण दिला तर त्याची वाढ आणखी मागे पडते. कालव्याच्या, विहिरीच्या ओलीवर हिवाळ्यातही गवत हिरवे राहते, तेव्हा हा झोपलेला. म्हणून भुंगा सोडला की गवत संपले असे जो सांगतो तो तुम्हाला फसवतो. एका वर्षात काही दिसणार नाही. मातीत बियाण्याचा साठा आहे, तो भुंगा खात नाही. एकाच जागी भुंग्यांची संख्या वाढत जाऊन दोन-तीन पावसाळे गेले, तर गवताची ताकद तुटते, आणि तीही ओल आणि दमट हवा असलेल्या भागात लवकर, आपल्या कोरड्या भागात उशिरा.

म्हणून त्याच्या मुक्कामाची जागा सांभाळावी लागते. गावात गवत सर्वांत दाट असेल तो एखादा गुंठा, शक्यतो शेतापासून दूर, गावठाणाच्या कडेचा, भुंग्यांसाठी राखून ठेवा. उन्हाळ्यात तिथली माती यंत्राने उलटी करू नका. जुलै ते सप्टेंबर तिथे कोणतेही कीटकनाशक उडू देऊ नका. शेतातले आणि धुऱ्यावरचे गवत मात्र फुलाआधी उपटायचे ते उपटायचेच. उपटलेले, फूल न आलेले गवत खड्ड्यात कुजवले तर खत होते. मोकळ्या झालेल्या जागी तरोटा वाढू द्या, तो या गवताला उठू देत नाही.

हे उपटण्याचे काम कोण करते, हे इथे लिहिलेच पाहिजे. निंदणाला बायका असतात. या गवताचा संसर्ग झाला की आधी हाताला खाज, मग कोपराच्या वळात, मानेवर, पापण्यांवर कातडी जाड आणि काळी पडत जाते. काहींना दम लागतो. ज्या बाईला एकदा हे लागले तिला पुढे गवताच्या जवळून गेले तरी त्रास होतो, मग मजुरी बुडते आणि दवाखाना मागे लागतो. पुण्यात साठीच्या दशकापासून त्वचेच्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवले आहे. कीटकनाशकाचा धोका वेगळा सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा धुऱ्यावरच्या निरुपद्रवी भुंग्यासाठी पंप पाठीवर घेणे हा प्रश्न पैशापुरता राहत नाही.

गवत कोणाच्या जमिनीवर आहे

आता सरकारकडे वळू. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह साजरा होतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर भाषणे होतात, फेऱ्या निघतात, फोटो निघतात. त्या संस्थेने या भुंग्यावर पुष्कळ आणि चांगले काम केले आहे, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण आपल्याकडे मृगावर उगवलेले गवत १६ ऑगस्टपर्यंत फुलून, बी टाकून मोकळे झालेले असते. फुललेले गवत उपटताना परागाचा आणि बियांचा धुरळा उडतो तो वेगळाच. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागासाठी ही मोहीम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी, असे आमचे म्हणणे आहे.

आणि भाषण कोणापुढे? शेतकऱ्यापुढे. गवत कुठे आहे? रस्त्यांच्या कडांना, रेल्वेच्या रुळांशेजारी, कालव्याच्या भरावावर, ई-क्लासच्या पडीत जमिनीवर, तहसील आणि पंचायत समितीच्या आवारात. शेतकरी आपले चार एकर दर वर्षी निंदतो, डवरतो. त्याच्या धुऱ्यापलीकडे सरकारची जमीन दर वर्षी नवे बियाणे तयार करून वाऱ्यावर आणि पाण्यावर त्याच्याकडे पाठवते. कर्नाटकाने १९७५ सालीच कायद्याने या गवताला उपद्रवी तण ठरवले, गवत मात्र कायदा वाचत नाही. आम्हाला नवा कायदा नकोच आहे, कारण तो झाला की पहिली नोटीस शेतकऱ्याच्याच धुऱ्यावर चिकटणार. सरकारने आपल्या जमिनीचे आपण पाहावे.

ते अवघडही नाही. एका जागी पाचशे ते हजार प्रौढ भुंगे सोडावेत असे शास्त्रज्ञ सांगतात. ते वाढवायला प्रयोगशाळा लागत नाही. गवताच्या दाट वाफ्यावर बांबूचा सांगाडा करून मच्छरदाणी टाकली, आत भुंगे सोडले, कडा मातीने दाबल्या, की महिन्यात पहिली पिढी हाताशी येते. प्रत्येक तालुक्यात एक असा वाफा कृषी विज्ञान केंद्राने किंवा तालुका बीजगुणन केंद्राने राखावा, जूनच्या शेवटी भुंगे द्यावेत, आणि सोडल्याची नोंद गट नंबरासह ग्रामपंचायतीत लावावी, म्हणजे दोन वर्षांनी त्या जागी काय झाले ते पाहता येईल. भुंगे फुकट द्यावेत. ते विकत घेण्याची वेळ शेतकऱ्यावर आणू नये, आणि उद्या कोणी बाटलीत भरून विकायला आणलेच, तर शेजारच्या गावच्या सडकेला ते मोफत फिरत असतात हे लक्षात असू द्या.

सरकार करीपर्यंत थांबण्याचे कारण मात्र नाही. गावातली चार पोरे, एक जुनी मच्छरदाणी आणि एक पावसाळा एवढ्यावर हे सुरू होते. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोन गोष्टी लिहून आणाव्यात: आपल्या शिवारात हा भुंगा पहिल्यांदा कोणत्या नक्षत्रात दिसला, आणि कोणाच्या जमिनीवर दिसला. ज्या तालुक्यांत तो अजून पोचलेला नाही, त्यांना देण्यासाठी बाकीच्यांनी भुंगे आणावेत. आणताना डबा कापडाने झाकावा, आत थोडा ताजा पाला ठेवावा, उन्हात ठेवू नये. वाटप दुपारच्या सत्रानंतर मंडपाच्या मागच्या बाजूला होईल.